शांतता राखणाऱ्या मंडळ्यांना खुले पत्र

मंडळ्यांचे पाळक, वडीलजन, कमिटीचे सभासद आणि शिष्यत्वाचे वर्ग चालवणारे माझे सहकारी, या सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

गेली एकोणीस वर्षे मी बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी शिष्यत्वाचा वर्ग घेते आहे. बारा आठवडे, बारा पाठ, शेवटच्या दिवशी प्रार्थना आणि प्रमाणपत्र. हा क्रम तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, कारण थोड्याफार फरकाने तो सगळीकडे असाच चालतो. या पत्राचे कारण त्यातला सातवा पाठ आहे.

सातवा पाठ क्षमेचा. वहीत एक वाक्य छापलेले असते आणि त्यात दोन गाळलेल्या जागा असतात: मला कोणाला क्षमा करायची आहे, आणि का. लोक तिथे भावाचे नाव लिहितात, सासूचे लिहितात, बोलणे सोडलेल्या मित्राचे लिहितात. एका वर्षी वर्गात आमच्या इमारतीची साफसफाई करणाऱ्या एक बाई होत्या. ज्या खोलीत वर्ग भरायचा ती खोली त्यांनीच तासाभरापूर्वी पुसलेली असायची. फरशी वाळलेली नसायची आणि त्या मागच्या बाकावर पेन्सिल धरून बसलेल्या असायच्या. अक्षर मोठे, सावकाश काढलेले. त्या दिवशी मी त्यांच्या मागे उभी राहून वाचले. पहिल्या जागेत लिहिले होते, ‘कमिटी’. दुसऱ्या जागेत, ‘चार महिने पगार दिला नाही’.

मी त्यांना काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवते. म्हणाले, “देवावर सोपवा. मंडळीत शांतता राहिली पाहिजे.” त्या थोडा वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, क्षमा तर मी केलीच आहे. म्हणून तर इथं येऊन बसते. पण पगाराचं काय?”

मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

महिन्याभराने उपासनेत साक्षीची वेळ होती. त्या उठल्या आणि तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला. माईकजवळच्या वडीलजनांनी गीत सुरू केले, मंडळी उभी राहिली, टाळ्या वाजू लागल्या. मीही गायले. त्यानंतर दोन रविवार त्या आल्या. पुढे दिसल्या नाहीत.

ती मंडळी कोणती हे मी लिहिणार नाही. त्या कमिटीतले लोक चोर नव्हते, हे मात्र लिहायला हवे. छपराचे काम निघाले होते, निधी कमी पडत होता, आणि ज्याचा आवाज सगळ्यांत लहान त्याचे देणे मागे ठेवणे सोपे होते. छप्पर नीट झाले. त्याच छपराखाली आम्ही डोंगरावरील प्रवचन शिकवत राहिलो.

तेव्हापासून एक गोष्ट मला सोडत नाही. आपल्या भाषेत शांतता आणि शांती असे दोन शब्द आहेत, आणि मंडळीत आपण एकाच्या जागी दुसरा वापरतो. शांतता वर्गात दटावून मिळवता येते. माईक काढून घेतला की शांतता होते. गीत सुरू केले की तक्रार ऐकू येत नाही, तीही शांतताच. शांतीचे तसे नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, जे शांती करणारे ते धन्य. करणारे. राखणारे नव्हे. मूळ ग्रीक शब्दातही ‘करणे’ आहे. घडवावी लागते अशी ती वस्तू आहे. मग आपल्या मंडळ्यांत जो कधी काही बोलला नाही, ज्याच्यामुळे सभेत कधी वाद झाला नाही, त्याच्या अंत्यविधीला आपण त्याला ‘शांतिप्रिय’ म्हणतो आणि जिने पगार मागितला तिला ‘कटकट करणारी’ म्हणतो, हे कसे?

हिब्रू शब्द शालोम आपण सगळेच प्रवचनांत वापरतो. त्याच धातूपासून एक क्रियापद होते आणि ते निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात पुन्हा पुन्हा येते. कोणी बैल चोरला, कोणाचे शेत चरून टाकले, कोणाची ठेव गहाळ केली, तर त्याने भरपाई करावी. हे ‘भरपाई करणे’, देणे चुकते करणे, शालोमच्याच कुळातले आहे. मला हे कळले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. ‘पगाराचं काय?’ असे विचारणाऱ्या बाई वर्गात शालोमबद्दल बोलत होत्या, आणि शिक्षिका त्यांना गप्प बसायला सांगत होती.

जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याने हा आजार ओळखला होता. लोकांची जखम वरवर बरी करून शांती नसताना शांती, शांती म्हणणाऱ्या संदेष्ट्यांवर आणि याजकांवर त्याचा राग आहे. सैन्यावर किंवा परक्या राजावर नाही, आपल्यासारख्यांवर. देवळातल्या माणसांवर.

1963 सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात होते. शुभ शुक्रवारी त्यांना अटक झाली. त्याच सुमारास शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वर्तमानपत्रात निवेदन दिले की वंशभेदाविरुद्धची ही निदर्शने अवेळी आहेत, लोकांनी संयम पाळावा, न्यायालयात दाद मागावी. किंगनी त्याला उत्तर लिहायला सुरुवात केली ती वर्तमानपत्राच्या समासातच, कारण कागद नव्हता. त्या उत्तरावर तारीख 16 एप्रिलची आहे. त्यातले म्हणणे माझ्या शब्दांत असे: उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा अधिक निराश करतो तो सज्जन माणूस, ज्याला न्यायापेक्षा सुव्यवस्था प्रिय आहे, आणि ताण नसणे म्हणजेच शांती असे ज्याला वाटते. ते आठजण खलनायक नव्हते. त्यांच्यापैकी काहींनी त्याच वर्षी वंशभेदाच्या बाजूने बोलणाऱ्या राज्यपालाविरुद्धही निवेदन काढले होते. मला ते फार ओळखीचे वाटतात. कमिटीच्या बैठकीत माझ्या शेजारी बसतात तसे, आणि कित्येकदा माझ्याच खुर्चीत बसतात तसे.

संयम सांगण्यात वाईट काय, असे तुम्ही विचाराल. एका सिनडची, म्हणजे चर्चच्या धर्मसभेची, गोष्ट सांगते. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडपुढे 1857 साली एक प्रश्न आला. काही गोऱ्या सभासदांना कृष्णवर्णीय विश्वासणाऱ्यांबरोबर एकाच मेजावर प्रभुभोजन घेणे नको होते. सिनडने म्हटले, सर्वांनी एकत्र घ्यावे हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. पण काहींच्या दुर्बळतेमुळे जिथे अडचण येते, तिथे वेगळी व्यवस्था करायला हरकत नाही. केवढे सौम्य वाक्य! कोणाचेही मन दुखवत नाही. 1881 साली वेगळ्या मेजाचे, गोऱ्या नसलेल्यांसाठी, वेगळे चर्च झाले. 1948 नंतर वर्णभेद देशाचे धोरण बनला तेव्हा त्याला शास्त्राचा आधार पुरवायला गोऱ्यांचे मूळ डच रिफॉर्म्ड चर्चच पुढे होते. काहींच्या दुर्बळतेला सांभाळून घेण्यापासून सुरुवात झाली होती. पुढे त्या वेगळ्या काढलेल्या चर्चनेच 1982 साली बेल्हार येथे एक विश्वासकथन मांडले आणि 1986 साली ते स्वीकारले. त्यात ऐक्य, समेट आणि न्याय हे तीन विषय एकमेकांत गुंफलेले आहेत, आणि देव विशेषेकरून निराधारांचा, गरिबांचा, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा देव आहे असे स्पष्ट म्हटले आहे. ज्यांना मेजावरून उठवले होते त्यांनीच हे लिहिले, आणि उठवणाऱ्यांनाही त्यात बोलावले.

करिंथच्या मंडळीला पौलाने याहून वेगळे काही लिहिले नव्हते. काहीजण आधी येऊन पोटभर जेवत होते, नंतर येणारे भुकेले राहत होते, आणि पौल म्हणतो, तुम्ही एकत्र येता तेव्हा हे प्रभूचे भोजन नसतेच. आपण त्या अध्यायातली मोडलेल्या भाकरीची चारपाच वचने दर महिन्याला वाचतो. आधीची आणि नंतरची वचने क्वचितच.

आता आकड्यांबद्दल. आपल्या अहवालांत बाप्तिस्म्यांचा आकडा असतो, वर्ग पूर्ण केलेल्यांचा असतो, वाटलेल्या शास्त्रांचा असतो. रवांडा हा आफ्रिकेतील सर्वाधिक ख्रिस्ती लोकसंख्येच्या देशांपैकी एक होता. 1994 साली तिथे सुमारे शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य जमातीची. लोक जीव वाचवायला चर्चमध्ये धावले, कारण पूर्वीच्या दंगलींत तिथे आसरा मिळाला होता. न्तारामा आणि न्यामाता इथल्या चर्चमध्ये त्यांना आतच मारण्यात आले. त्या दोन्ही इमारती आता स्मारके आहेत. मारणारे आणि मरणारे एकाच बाकावर बसलेले होते, एकच प्रभूची प्रार्थना म्हणत होते. शेजाऱ्याला लपवताना जीव गमावलेले विश्वासणारेही होते, त्यांचे ऋण मोठे आहे. पण ज्या देशात अहवालातले आपले सगळे आकडे उत्तम होते तिथे हे झाले, हे आपण शिष्यत्व शिकवणाऱ्यांनी मान खाली घालून वाचले पाहिजे. बाप्तिस्म्याचे पाणी त्या माणसांच्या ‘आपले’ आणि ‘परके’ या कप्प्यांपर्यंत पोचलेच नव्हते. तिथपर्यंत ते नेणे हे काम कोणाचे होते?

मत्तयाच्या शेवटी येशूने जी आज्ञा दिली, तिच्यात एक क्रियापद आपल्या नजरेतून सुटते. जे काही मी तुम्हाला सांगितले ते सर्व ‘पाळायला’ शिकवा. ते सर्व शिकवा, असे नाही. पोहण्याची माहिती देणे आणि पोहायला शिकवणे यांत जेवढे अंतर आहे तेवढे या दोहोंत आहे, आणि माझी बारा आठवड्यांची वही सबंध पहिल्या प्रकारची होती. गाळलेल्या जागा भरा. योग्य उत्तराला एक गुण.

पाळायला शिकणे कसे दिसते, ते मी जॉन वूलमन या माणसाच्या आयुष्यात पाहते, आणि त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहू द्या. अठराव्या शतकात अमेरिकेत न्यू जर्सी इथे राहणारा क्वेकर, म्हणजे युद्ध आणि हिंसा नाकारणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. वयाची विशी नुकतीच ओलांडलेली, एका दुकानात नोकरी. एके दिवशी मालकाने अचानक सांगितले, आमच्या घरातली गुलाम स्त्री विकली आहे, खत लिहून दे. विकत घेणारा समोरच बसलेला, तोही क्वेकर, वयस्कर, भला माणूस. वूलमनला आतून काहीतरी टोचले. पण मालकाची आज्ञा, समोर मोठा माणूस; त्याने लिहून दिले. लिहिताना दोघांच्या देखत एवढे म्हणाला की गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी सुसंगत आहे असे मला वाटत नाही. खत लिहिल्याची ती बोच मात्र गेली नाही. पुढे आणखी एकाने असेच खत लिहायला सांगितले तेव्हा त्याने प्रेमाने नकार दिला.

मग तीसेक वर्षे हा माणूस घराघरांत गेला. आपल्याच पंथाच्या, गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबांत. रागावून भाषणे केली नाहीत. त्यांच्या घरी उतरायचा, आणि ज्या गुलामांनी त्याची सेवा केली त्यांच्यासाठी निघताना पैसे ठेवायचा. यजमानाला ते किती अवघड जात असेल! फुकटच्या श्रमावर चालणाऱ्या घरात पाहुणा मोबदला देऊन जातो, आणि तोही नम्रपणे, डोळ्यांत पाणी आणून. 1758 साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना मंडळीच्या कारभारातून दूर ठेवायचे ठरवले आणि गुलाम बाळगणाऱ्यांना भेटण्यासाठी जी माणसे नेमली त्यांत वूलमन होता. 1772 साली तो वारला. 1776 साली त्याच सभेने ठरवले की गुलाम बाळगणारा आमच्यात राहू शकत नाही. त्याने ते पाहिले नाही.

मला या गोष्टीत सगळ्यांत मोलाचे वाटते ते पहिले खत. तो चुकला. पण चुकीची बोच देवावर सोपवून तो मोकळा झाला नाही, ती त्याने जपली. शिष्यत्वाची सुरुवात कित्येकदा अशाच एखाद्या कागदापासून होत असावी. माझ्या घरी तशी एक वही आहे.

शांती करणारे नेहमी मवाळच असतात असे नाही. 2003 साली लायबेरियात यादवी युद्धाला कंटाळलेल्या ख्रिस्ती आणि मुसलमान बायका मन्रोव्हियातल्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात पांढरे कपडे घालून रोज बसल्या, उन्हात आणि पावसात. त्यांच्या पुढे होत्या लेमा बोवी, ज्या ल्यूथरन चर्चच्या युद्धपीडितांसाठीच्या कामात घडल्या होत्या. वाटाघाटी घानामध्ये आक्रा इथे रेंगाळल्या तेव्हा या बायकांचा एक गट तिथे गेला, सभागृहाच्या दारात हात गुंफून बसला आणि आतल्या पुढाऱ्यांना बाहेर पडू देईना. त्याच वर्षी करार झाला. बोवींना 2011 साली इतर दोघींसह नोबेल शांती पारितोषिक मिळाले. त्यांनी त्या दिवशी शांतता भंग केली होती.

आणि ज्यांना वाटते की हे सगळे राजकारण झाले, मंडळीने प्रार्थनेपुरते राहावे, त्यांना मी फिंकेनवाल्डची आठवण देते. जर्मनीत नाझी राजवटीत डीट्रिश बोनहॉफर 1935 पासून तिथे पाळकांना शिक्षण देत होते. सकाळी ध्यान, स्तोत्रे, एकमेकांजवळ पापकबुली, आणि एक नियम असा की कोणत्याही भावाबद्दल त्याच्या पाठीमागे बोलायचे नाही. तोंडून गेलेच तर नंतर त्याला जाऊन सांगायचे. किती छोटा नियम, आणि आपल्या किती मंडळ्या त्याच्यावर टिकतील? 1937 साली गेस्टापोने, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद केले. 9 एप्रिल 1945 रोजी बोनहॉफरना फाशी दिली गेली. ध्यान करणारा आणि छळाला विरोध करणारा माणूस तिथे एकच होता. उलट बाजूनेही हे खरे आहे. न्यायाच्या कामात उतरलेले माझे काही तरुण विद्यार्थी प्रार्थना सोडून बसले आणि तीन-चार वर्षांत त्यांच्याजवळ फक्त राग उरला. ज्यांच्यासाठी लढत होते त्यांचीही त्यांना चीड येऊ लागली. त्यांना दोष देत नाही. आपण त्यांना सोबत दिली नाही.

मदतकार्याबद्दल थोडेच लिहिते. आपण वाटप चांगले करतो. पण ज्यांना वाटतो त्यांना ते का मागावे लागते हे विचारत नाही, आणि कधी कधी मदतीच्या बदल्यात उपासनेला हजेरीची अपेक्षा ठेवतो. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. परत एकच आला. उरलेल्या नऊ जणांचे बरे होणे त्याने काढून घेतले नाही.

मग करायचे काय? माझ्याकडे आराखडा नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायाकडे मात्र मी तुमचे लक्ष वेधते, कारण तिथे अगदी आपल्यासारखीच बैठक आहे. यरुशलेमची मंडळी वाढत होती. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी गीत सुरू केले नाही. देवावर सोपवा म्हटले नाही. कोण बोलले, कशाला सगळ्यांसमोर बोलले, हे विचारले नाही. सगळी मंडळी बोलावली आणि सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, पुढची पाच. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाचा अधिकार गेला, असेच यावरून दिसते. आणि पुढच्याच वचनांत लिहिले आहे की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. तक्रार ऐकल्याने साक्ष बिघडेल अशी आपल्याला जी भीती असते, ती त्या अध्यायाला ठाऊक नाही.

आपल्या मंडळीत तक्रार कोणाकडे करायची, हे आपल्या इमारतीत झाडणाऱ्या माणसाला माहीत आहे का? पाळकांविरुद्ध असेल तर कोणाकडे? ऐकणाऱ्यांत त्याच्यासारखे कोणी आहे का? याची उत्तरे शोधायला सिनडच्या ठरावाची गरज नाही. एका बैठकीचे काम आहे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी पोचते असे लिहिले आहे. ती आपल्या कानी आधी पोचली तर बरे, म्हणून आपल्याकडे राबणाऱ्या प्रत्येकाचे देणे वार्षिक हिशेबात पहिल्या ओळीत येऊ द्या, छपराच्या आधी.

समेट घडवण्याचे कामही शिकावे लागते, नुसत्या चांगल्या मनाने ते होत नाही. 1974 साली कॅनडातील एल्मायरा या गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. मेनोनाइट या शांतिवादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळीशी जोडलेल्या एका प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवले की या मुलांना ज्यांचे नुकसान झाले त्यांना भेटायला लावावे. न्यायाधीशांनी ते मानले. मुले दारोदार गेली, दार वाजवले, मीच ते केले असे तोंडाने सांगितले, आणि पुढल्या काही महिन्यांत नुकसान भरून दिले. आज अनेक देशांत गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर आणण्याचे जे काम चालते त्याच्या मुळांपैकी एक मूळ हे आहे. लक्षात घ्या, आधी कबुली, मग भरपाई, आणि दार उघडायचे की नाही हे घरमालकाच्या हाती. आपण पायऱ्या उलट्या लावतो. ज्याला लागले आहे त्यालाच आधी म्हणतो, माफ कर.

इथे मला एक गोष्ट अत्यंत कळकळीने सांगायची आहे. जिथे मारहाण झाली आहे, लैंगिक अत्याचार झाला आहे, मूल धोक्यात आहे, तिथे समेटाची बैठक घेऊ नका. अपराध करणाऱ्या भावाला आधी एकांतात भेट असे सांगणारा मत्तयाचा अठरावा अध्याय पुढे करून तिला एकटीला त्याच्यासमोर बसवू नका. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट आहे. असा गुन्हा कायद्याच्या हाती द्या आणि तिच्या बाजूने उभे राहा, मग तो माणूस कितीही मोठा देणगीदार असो किंवा व्यासपीठावर कितीही चांगली प्रार्थना करो. मंडळीचे नाव खराब होईल म्हणून झाकलेले असे प्रत्येक प्रकरण कोणाच्या तरी आयुष्यात आजही चालू आहे.

त्या बाईंचे पुढे काय झाले, ते सांगते. सहा वर्षांनी मी वार्षिक सभेत उभी राहिले आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारला. सभा शांत झाली. कोणीही गीत सुरू केले नाही. त्यासाठी मी त्या सभेची ऋणी आहे. जुने हिशेब काढले गेले. दोन वडीलजन आणि मी त्यांच्या घरी गेलो. वडीलजनांपैकी एक तेच होते ज्यांनी त्या रविवारी माईकवर गायला सुरुवात केली होती. ते म्हणाले, “आमचं चुकलं. तुम्ही बोलत होता, आणि मी तुम्हाला बोलू दिलं नाही.” बाईंनी ऐकून घेतले. नोटा मोजल्या, पावतीवर त्याच मोठ्या अक्षरात सही केली आणि पेन मला परत दिले. चहापाण्याचे विचारले नाही, रागाने बोलल्याही नाहीत. दारापर्यंत आल्या. मंडळीत या असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, बघू.

अजून त्या आलेल्या नाहीत. येतील की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवायचे.

मी सातवा पाठ नव्याने लिहिला आहे. त्यात आता गाळलेल्या जागा नाहीत. दोन आठवड्यांचे काम आहे: मी ज्याचे देणे लागते, पैशाचे, कबुलीचे किंवा सत्याचे, त्याच्याकडे जायचे, आणि वर्गात येऊन काय झाले ते सांगायचे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असे म्हटले आहे, म्हणून तो पाठ मी प्रभुभोजनाच्या आधीच्या पंधरवड्यात ठेवला आहे. पहिल्या खेपेस अकरा जणांपैकी चौघे गेले. एकाला दारातून परत पाठवले. एक परत आला तो रडत होता, कारण भाऊ दोन वर्षांपूर्वीच वारला होता आणि त्याला कोणी कळवले नव्हते. उरलेल्या सातांना मी नापास केलेले नाही; त्यांच्यासाठी तो पाठ अजून चालू आहे.

हा पाठ तुम्हाला हवा असेल तर नेऊन वापरा, बदला, चुका असतील तर मला सांगा. मात्र तो वर्गाला देण्याआधी एकदा कमिटीच्या बैठकीत करा. सभा सुरू करायची प्रार्थना झाली की पहिला विषय म्हणून घ्या, आणि कोणाकडे जायचे त्यांची नावे इतिवृत्तात लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारील.

आपली, ख्रिस्तात,
शिष्यत्व वर्गाची एक शिक्षिका